भूपेंद्रचं साल

समाजाच्या वधू-वर मेळाव्यात माइकवरून जाहीर झालं, "शेतकरी मुलांनी वेळेअभावी फक्त नाव आणि गाव सांगून खाली उतरावं." त्या वेळी भूपेंद्र स्टेजच्या पायरीवर उभा होता. बागायत दहा एकर, विहीर घरची, ठिबक नवीन, ट्रॅक्टर फिटलेला, बहीण दिलेली, व्यसन नाही, असं सगळं त्यानं आठ दिवस गोठ्यात बैलांपुढे म्हणून पाठ केलं होतं. बैलांना पसंत होतं. पण माइक हातात आला आणि त्यानं नाव सांगितलं, गाव सांगायला विसरला, आणि उतरला. त्याच्या मागचा मुलगा पुण्यात कुठल्याशा कंपनीच्या गेटवर उभा राहत असे. त्याला पाच मिनिटं मिळाली, शिवाय टाळ्या.

भूपेंद्र चुडामण पाटील हा शहाद्याच्या अलीकडच्या एका गावचा, बत्तिशीला टेकलेला, दिसायला बरा आणि वागायला त्याहून बरा माणूस. दोष एकच, तो शेतात जात होता. त्याच्या वडिलांचं लग्न झालं त्या काळात सोयरे आधी विहिरीत डोकावून पाहत आणि मग मुलाकडे पाहायची फारशी गरज राहत नसे. आता विहिरीला कोणी विचारत नाही. मुलगी पाहायला जावं, चहा यावा, आणि मुलीच्या बापानं बशीत फुंकर घालत विचारावं:

"पोऱ्या काय करस?"

"शेती करस. धा एकर बागाईत."

"ते समजनं. पन करस काय?"

यावर चुडामण आबा चहा संपवून उठत. एका घरी तर पोह्यांवर खोबरंसुद्धा नव्हतं. नकार बशीतच वाढून आणला होता.

आबा म्हणजे भूपेंद्रचे वडील. हा माणूस जगातली प्रत्येक गोष्ट पपईत मोजत असे. मोठ्या मुलीचं, शीलाचं लग्न म्हणजे चार गाड्या पपई. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन अर्धी गाडी. कौसाबाईंच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या, गुडघ्याची वाटी दीड गाडी. म्हणून ती वाटी अजून बदललेली नाही आणि कौसाबाई उभ्यानंच वाढतात. आबा कंजूष होते असं मात्र म्हणता येणार नाही. त्यांना खर्चाचं वाईट वाटत नसे, भाव न करता झालेल्या खर्चाचं वाटे. भाव करणं हा त्यांचा श्वासासारखा प्रकार होता. माणूस श्वास घेताना विचार करत नाही, तसे आबा भाव करताना करत नसत. देवळातल्या अभिषेकालाही त्यांनी एकदा "दोन जनना मिळीसन कितला?" असं विचारलं होतं.

तोड काढली शोभाबाईंनी. शोभाबाई ही सोयरिकी जुळवणारी बाई. पदराखाली मोबाइल, मोबाइलमध्ये तालुक्यातली सगळी लग्नाळू तोंडं.

"आबा," ती ओट्यावर टेकत म्हणाली, "वावर शे हाई सांगानं, पन पोऱ्या वावरमा जास हाई नही सांगानं. त्याले मेडिकल लाइनमा टाका. नंदुरबारले वरीसभरना कोर्स शे. सर्टिफिकेट भेटस, दवाखानामा नोकरी लागस."

"डॉक्टर व्हस का?"

"डॉक्टरना बाजूले उभा ऱ्हास."

"कितला खर्च?"

"साठ हजार फी. खोली, डबा, कपडा, परीक्षा येगळी. सगळं मिळीसन एक लाख दहा धरा."

"आनि पगार?"

"सुरवातले साडेसात हजार."

"मयनाना?"

"मंग काय रोजना?"

आबांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. भूपेंद्र दाराशी उभा राहून बापाच्या ओठांकडे पाहत होता. त्याच्या आयुष्याचे सगळे निकाल तिथेच लागत आले होते. हिशोब असा निघाला: पोरगा घरी होता तोवर फुकट होता. तो दवाखान्यात वर्षाला नव्वद हजार कमावायला जाणार, आणि त्याच्या जागी वावरात सालदार ठेवावा लागणार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. तोही एकटा नको. आबांचा नियम होता, सालदार नेहमी जोडीचा असावा. नवरा-बायको दोघं वावरात राबतात आणि उचल घेऊन पळत नाहीत. एकट्याला काय, पाय फुटले की गेला. म्हणून एकट्याचा भाव पंच्याण्णव हजार आणि जोडीचा सव्वा लाख, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"मंजे," आबा डोळे उघडून म्हणाले, "नव्वद हजार कमाडाकरता सव्वा लाखना गडी ठेवा, वरतून एक-दहा फी द्या. हाऊ काय धंदा शे?"

"आबा, धंदा नही, लगीन शे," शोभाबाई म्हणाली.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या कौसाबाई, ज्या सहसा बोलत नसत, लंगडत पुढं आल्या. "नातूना भाव सांगा ना पपईमा," त्या म्हणाल्या.

आबांनी पुन्हा डोळे मिटले. ओठ मात्र हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पपईच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जेव्हा खानदेशात सगळ्या सालदारांची वर्षं संपतात आणि नवी ठरतात, तेव्हा धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरून आमशा आणि त्याची बायको दिवलीबाई वावरातल्या खोलीत राहायला आली. आमशा भूपेंद्रच्याच वयाचा, तीन लेकरांचा बाप. कामाला वाघ, शिवाय आबांच्या प्रत्येक विनोदाला हसायचा. हे हसणं बोलीत ठरलेलं नव्हतं. पण एकदा साल ठरलं की ते त्यात येतंच, असं आमशा समजून होता.

इकडे भूपेंद्र नंदुरबारला गेला. बसस्टँडच्या मागे, खाली खताचं दुकान आणि वर वर्ग. जिन्यात युरियाचा वास आला आणि त्याला जरा धीर वाटला. वर्गात बहुतेक मुली, एकोणीस-वीस वर्षांच्या, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या. तो आत शिरला तशा सगळ्या उठून "गुड मॉर्निंग सर" म्हणाल्या. तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला तेव्हा त्यांना कळलं. त्यानंतर त्या त्याला काका म्हणू लागल्या.

सलाइनची सुई लावण्याचा तास आला तेव्हा भूपेंद्रचं खरं महत्त्व वर्गाच्या ध्यानात आलं. मुलींच्या नाजूक हातांत शीर म्हणून दिसेना. भूपेंद्रनं बाही वर केली. दहा वर्षं फवारणीचा पंप मारलेला हात तो. शिरा नुसत्या ठिबकच्या नळ्या. गायत्री नावाची मुलगी तर आनंदानं ओरडलीच, "काका, तुमचा हात म्हणजे फळाच आहे हो!" तेव्हापासून सगळा वर्ग त्या फळ्यावर शिकला. कोणाची सुई आरपार, कोणाची तिरपी, कोणाची आत गेलीच नाही. भूपेंद्र दात आवळून "येतंय, येतंय, हळू" म्हणत राही. तो शनिवारी घरी आला तेव्हा हात कोपरापासून मनगटापर्यंत जांभळा.

आबांनी हात उलटसुलट करून पाहिला. "फी बी आपली," ते म्हणाले, "आनि हात बी आपला?" सोमवारी ते स्वतः नंदुरबारला जाऊन फीमध्ये काही सूट मिळते का, हे विचारून आले. मिळाली नाही.

वर्ष सरलं, सर्टिफिकेट आलं. आबांनी ते काचेत घालून बैठकीच्या खोलीत पाहुण्यांच्या नजरेच्या उंचीवर लावलं. भूपेंद्रला शहाद्यात डॉक्टर नवनीत यांच्या दवाखान्यात नोकरी लागली. पांढरा कोट, खिशाला पेन, आणि काम म्हणजे दिवसभर माणसांना उचलणं, वळवणं, पुसणं, भांडं देणं, भांडं नेणं, एनिमा लावणं. पहिल्या दिवशी डॉक्टर एवढंच म्हणाले, "भूपेंद्र, काम येईल हळूहळू. एक लक्षात ठेव. दवाखान्यातलं दवाखान्यात. उंबऱ्याबाहेर गेलं की माणूस परत येत नाही."

आणि गंमत म्हणजे भूपेंद्रला ते काम जमलं. बुजलेल्या बैलाशी बोलायचं तसं तो रोग्याशी बोलायचा: "हो हो, बस बस, काही नही, काही नही." म्हातारे त्याच्या हाती निमूट होत. बायाबापड्या दादा म्हणत. पगार साडेसात हजारच होता, पण घरच्या बायोडाटात शेती पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीवर गेली आणि पहिल्या ओळीत आलं, 'मेडिकल लाइन, शहादा'. शोभाबाईंचा फोन वाजू लागला.

अशी काजल घर पाहायला आली. तळोद्याकडची, बी.ए. झालेली, जरा उंच, बोलताना समोर पाहणारी. मोठी माणसं गच्चीवरून पपईची बाग पाहायला गेली तेव्हा दोघांना बोलायला खोलीत बसवलं. दोघंही शाळेतली मराठी बोलू लागली. पहिल्या भेटीत अहिराणी म्हणजे फारच उघडं वाटतं.

"मला शेतात जावं लागेल का?" काजलनं विचारलं.

"नाही."

"आणि तुम्हाला?"

"मलाही नाही."

काजल हसली. मग भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे पाहून म्हणाली, "फोटोत तुम्ही फार घाबरलेले दिसता."

"तेव्हा हात दुखत होता," भूपेंद्र म्हणाला. आणि मग फळ्याची सगळी गोष्ट त्यानं तिला सांगितली. ती एवढी हसली की गच्चीवरचे आबा खाली डोकावले. दोन दिवसांनी तिचा पहिला निरोप मोबाइलवर आला: 'आजीचं बीपी एकशे साठ आहे. घाबरण्यासारखं आहे का?' असलं प्रेमपत्र जगात कोणाला आलं नसेल. भूपेंद्रनं तीन वेळा पुसून उत्तर लिहिलं, आजीच्या मिठापासून गोळ्यांपर्यंत. त्यानंतर आजीचं बीपी रोज येऊ लागलं, आणि बीपीमागून थोडं थोडं बाकीचंही. त्या दिवसांत तो भांडी धुताना शीळ घालायचा.

आता राहिली चौकशी. आपल्याकडे सुपारी फुटण्याआधी मुलाची चौकशी होते, आणि ती समोरून कधी होत नाही. शीलाचा नवरा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात काट्यावर कारकून आहे म्हणाले, तेव्हा आबांनी काय केलं? दुसऱ्याच्या उसाच्या गाडीवर बसून काट्याच्या रांगेत अर्धा दिवस काढला. खिडकीतून डोकावून पाहिलं. मुलाच्या खुर्चीला हात होते. घरी येऊन म्हणाले, "खुर्चीले हात शेतस. कायम शे." लग्न झालं.

तशीच काजलच्या बाजूनं चौकशी तिचे मामा हिलाल यांच्याकडे आली. हिलालमामा म्हणजे त्या घराचा शब्द. घर पाहायला सगळे आले तेव्हा ते मुद्दाम आले नव्हते, तोंडओळख होऊ नये म्हणून. एका बुधवारी ते शहाद्याच्या दवाखान्यात आले आणि पोट धरून बाकावर बसले. बेत असा, की डॉक्टर दोन गोळ्या देतील, तोवर मुलाचं काम, खुर्ची, वागणं पाहून घ्यावं.

पण सोंग घेऊन गेलं तरी पोट आपलंच नेलेलं असतं. लग्नसराईचं आठवडाभराचं जेवण त्यात होतं. डॉक्टर नवनीतांनी पोट दाबलं, ठोकलं, फोटो काढला आणि म्हणाले, "बरं झालं वेळेवर आलात. सगळं साठलंय."

"आते बरं वाटी ऱ्हायनं," मामा घाईनं उठत म्हणाले.

"असं वाटतं. झोपा. भूपेंद्र, यांना एनिमा."

भूपेंद्र पडदा ओढून आत आला. त्याच्या हातात डबा आणि नळी पाहून मामांना ओरडावंसं वाटलं, की अरे, मी तुझा मामेसासरा! पण मग चौकशीला आलो हे उघडं पडतं, आणि चौकशी उघडी पडणं म्हणजे घराण्याची लाज. दोन लाजांमध्ये मामांनी दुसरी राखली. ते डाव्या कुशीवर वळले.

तरी माणूस हाडाचा चौकस. तशाही स्थितीत, भिंतीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "पगार कितला शे तुमना?"

"साडेसात. पाय जरा पोटशी ल्या, मामा." भूपेंद्र सगळ्याच म्हाताऱ्यांना मामा म्हणत असे. "लाजू नका. आपलं घरनंच समजा."

"घर... शेती... शे का?"

"धा एकर. ढिलं सोडा. हो हो, बस बस."

"लगीन?"

"आते सुपारी फुटनार शे," भूपेंद्र म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका गोड झाला की पडद्यापलीकडची बाई हसली. "तळोद्याकडनी पोर शे. गह्यरी चांगली. हां, आते दम धरा, मामा. मी सांगस तवय उठानं."

हिलालमामांनी डोळे मिटून घेतले. पुढचं काम भूपेंद्रनं मन लावून केलं. मामांना धरून नेलं, धरून आणलं, पुसलं, धोतर नेसवलं, पाणी पाजलं. निघताना त्यांच्या पायांत वहाणासुद्धा सरकवल्या. मामा वळून न पाहता गेले.

रविवारी बैठक होती, तारीख ठरवायची. आबांच्या अंगणात मांडव, वीसेक माणसं, शेवेची भाजी. तळोद्याकडची जीप आली. पहिल्यांदा उतरले ते फेटा बांधलेले हिलालमामा. भूपेंद्रनं त्यांना पाहिलं आणि त्याला मनापासून आनंद झाला. आपला रोगी चालताफिरता पाहून कोणाला होत नाही? तो सगळ्यांना ओलांडून पुढं गेला, वाकून पाया पडला आणि भर अंगणात, मायेनं, मोठ्यानं म्हणाला:

"मामा! आते पोट कसं शे? साफ व्हस ना?"

आधी मामांचे कान लाल झाले, मग मान, मग फेट्याखालचं सगळंच.

"कोनतं पोट?" मामा म्हणाले. "मी तुमले वळखत नही."

भूपेंद्रला तेव्हा कळलं. पण तोंडातून निघालेलं परत घेता येत असतं तर दवाखान्यांची निम्मी कामं कमी झाली असती. पाहुण्यांनी जेवण केलं, कारण शेवेची भाजी वाढून झाली होती. तारखेची गोष्ट मात्र कोणी काढली नाही. जीपमध्ये बसताना काजलचे वडील "कळावतस" म्हणाले. आपल्याकडे "कळवतो" म्हणजे काय, हे सगळ्यांना कळतं.

संध्याकाळी काजलचा निरोप आला. यावेळी आजीचं बीपी नव्हतं. 'मामा रुसलेत. काय झालं ते मला विचारायचं नाही आणि तुम्ही सांगायचंही नाही. कोणालाच सांगू नका. होळीपर्यंत थांबा. आई त्यांची समजूत घालतेय. ते येतील जागेवर. कोणाला सांगितलं तर नाही ना?'

'नाही,' भूपेंद्रनं लिहिलं. ते खरं होतं.

म्हणजे दार अजून किलकिलं होतं, आणि ते उघडं ठेवायला भूपेंद्रला काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. त्यानं आठ दिवस ते केलं. पण घरात आबा होते. ज्या सौद्याचा भाव का तुटला हे कळत नाही, तो सौदा आबांना झोपू देत नसे. जेवताना विचारत, पाणी पिताना विचारत, वावरात विचारत. "कोनतं पोट? तू त्याले कोठे देखा? काय देखं?" शेवटी कौसाबाईंनीही म्हटलं, "सांगी टाक ना बापले. बाप शे, काय गाव शे का?" आणि भूपेंद्रनं, "कोनले सांगू नका, मन्ही आन शे," असं म्हणत पडद्यामागची गोष्ट बापाला सांगितली.

आबा आधी चिडले, मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. ते हसत होते. डाव्या कुशीवरून पगार विचारणारा मामा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. बिचाऱ्यांनी तीन दिवस दम धरला. चौथ्या दिवशी गावात दाढी करायला बसले असताना न्हाव्यानं सहज विचारलं, "आबा, तळोदावालास्नं काय व्हयनं?" आणि आबांचा दम सुटला. अपमानाचं उट्टंही निघत होतं आणि गोष्टही झकास होती. "ज्याले मन्हा पोऱ्यानी मोकळं करं," ते साबणातून म्हणाले, "तो आमले वळखत नही म्हने!"

ती गोष्ट होळीच्या आधी तळोद्यात पोचली, वाटेत पुष्कळ रंग घेऊन. धुळवडीला गावच्या पोरांनी भूपेंद्रला पाहून पिचकाऱ्या उंच धरल्या आणि ओरडली, "भूपेंद्रदादा, डावी कूस का उजवी?" आबा ओट्यावरून पोरांवर धावले. पण त्या ओरडण्याला जन्म कोणी दिला, हे आमशासुद्धा जाणत होता. त्याच दुपारी काजलचा शेवटचा निरोप आला. 'मी विचारलं होतं.' एवढंच. मग तिचा फोटो मोबाइलवर दिसेनासा झाला, आणि तिथं फोटो नसलेल्यांचं ते करड्या रंगाचं डोकं आलं.

बापाला तरी तो काय बोलणार? गुपित बापानं फोडलं, पण बापाला ते दिलं कोणी?

उरली नोकरी. तीही पंधरा दिवसांत गेली. डॉक्टर नवनीतांनी त्याला केबिनमध्ये बसवून चहा पाजला, तेव्हाच तो समजला; दोन वर्षांत चहा पहिल्यांदा मिळत होता. "भूपेंद्र, हात चांगला आहे तुझा," डॉक्टर म्हणाले. "पण तुमच्या समाजातली माणसं आता येईनात. आली की आधी विचारतात, तो पाटलांचा पोरगा आहे का आज? आपल्याच माणसासमोर धोतर सोडायचं, आणि ते न्हाव्याच्या दुकानात ऐकायचं, कोणाला चालेल? मी सांगितलं होतं."

"हो," भूपेंद्र म्हणाला. तो काय खोटं म्हणणार?

कोट घरी आला. आबांनी तो दोन दिवस खुंटीवर पाहिला आणि तिसऱ्या दिवशी फवारणीसाठी आमशाला दिला. "पैसा देल शे कोटले," ते म्हणाले. मग आमशा पाठीवर पंप, तोंडाला रुमाल आणि अंगात पांढरा कोट घालून पपईत हिंडू लागला. बांधावरून लोक हाका मारत, "काय डॉक्टर, राउंडवर का?" भूपेंद्र विहिरीच्या काठावर बसून पाहायचा. एकदा आमशा पंप उतरवून त्याच्याजवळ टेकला.

"दादा, आमनामा पोरना बापले देजना पैसा मोजा का लगीन व्हई जास," तो म्हणाला. "तुमनामा सर्टिफिकेट देखाडीसनबी व्हत नही. आमनंच बरं."

"तुनी कितलं देज दिधं?"

"जे व्हतं ते सगळं," आमशा म्हणाला आणि दिवलीबाईकडे पाहून हसला. हे हसणं सालातलं नव्हतं.

आखाजी आली. गल्लीत झाडांना झोके, शीला माहेरी आलेली, घरात पुरणाचा आणि आमरसाचा वास. आमशाचं यंदाचंही साल संपलं होतं. तो आणि दिवलीबाई गाठोडं बांधून, आंघोळ करून ओट्यावर येऊन बसली. आबा तक्क्याला टेकले. चार माणसं साक्षीला होतीच. सालाची बोली माणसांसमोर होते.

"अवंदा एक-चाळीस, आबा," आमशा म्हणाला. "खाले गुजरातमा जोडीले दीड देतस."

"सव्वा लाख. गये साले जे, तेच."

"एक-चाळीस."

"सव्वा."

घासाघीस चालली. आमशा हसत नव्हता, कारण साल संपलं होतं. शेवटी त्यानं गाठोड्याला हात घातला. "मंग आमी जातस, आबा. दुपारनी जीप शे धडगावनी."

आबांनी डोळे मिटले. पपई तोडणीला आलेली, आखाजीच्या दुपारी दुसरी जोडी कुठून आणणार? ओठ हलू लागले. तेवढ्यात दारात उभा असलेला भूपेंद्र खाली उतरला आणि आमशाच्या शेजारी, बापाच्या समोर, मांडी घालून बसला.

"आबा, मी लागस सालवर," तो म्हणाला. "सव्वा लाखले."

त्यात चिडणं नव्हतं, टोमणा नव्हता. दवाखान्यात "पाय जरा पोटाशी घ्या" म्हणायचा तोच आवाज. आबांचे डोळे मिटलेलेच होते. समोर कोण बसलंय हे पोचायच्या आधी आकडा पोचला, आणि आकड्याला आबांकडून श्वासासारखं उत्तर गेलं:

"सव्वा लाख जोडीना भाव शे. एकटाले पंच्यान्नव."

मग त्यांनी डोळे उघडले.

शीला झोक्यावरून उतरली. साक्षीला बसलेली चार माणसं पायाची नखं पाहू लागली. आबांचं तोंड उघडं होतं; काहीतरी परत आत ओढता आलं तर पाहावं, तसं. पण माणसांसमोर बोललेला भाव परत घेता येत नाही, हे त्यांनीच गावाला शिकवलेलं.

"बरं," भूपेंद्र म्हणाला. "पंच्यान्नव."

दवाखान्यापेक्षा पाच हजार जास्तच होते.

रीतीप्रमाणे नारळ आला, कुंकू आलं. आबांचा हात कुंकू लावताना कपाळ चुकून भुवईवर गेला. मग जेवण. सालदाराचं ताट सणाला ओट्यावर असतं आणि घरच्यांची आत. कौसाबाई भरलेलं ताट घेऊन उंबऱ्यावर आल्या आणि तिथेच थांबल्या; एक पाय आत, एक बाहेर. भूपेंद्रनंच हात वर करून ताट घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. दिवलीबाई जरा सरकली. कौसाबाईंना वाकता येईना. त्यांनी उभ्यानंच पुरणपोळीवर तुपाची वाटी उपडी केली. तूप पोळीवरून ताटात, ताटातून काठापर्यंत गेलं.

कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. आबांना बोलण्याचा एकच प्रकार येत होता.

"सालदारले इतलं तूप!" ते म्हणाले. "अशी वाढशी तं मन्हा धंदा बसाडशी."

आणि ते हसले. एकटेच हसले. मग सवयीनं आमशाकडे पाहिलं. आमशा खाली मान घालून जेवत होता. त्याचं साल संपलेलं होतं; त्याला आता हसायचं कारण नव्हतं. आबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं कसं ते न सुचून.

तेव्हा भूपेंद्र हसला. त्याचं साल सुरू झालं होतं.